स्पोर्ट्‌स कार घ्यायची आहे, पण मागच्या सीटवर आई बसणार आहे

बेळगावच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३९, पती-पत्नी दोघेही नोकरी करतात, मुलगा १० वर्षांचा, मुलगी ४ वर्षांची आणि घरात गुडघेदुखीने त्रासलेली आई. महिन्यातून दोन वेळा चोर्ला घाटातून गोव्याला जाणे असते, वर्षातून चार-पाच वेळा पुण्याला. हातात २२ लाख रुपये आहेत. मनात तीन जुन्या गाड्या आहेत: २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०, फोक्सवॅगन पोलो जीटीआय आणि २०१४ च्या सुमाराची बीएमडब्ल्यू ३२०डी. पत्नीचे म्हणणे, इनोव्हा घ्या. पाच वर्षांनी विकताना पैसे बुडू नयेत, ही शेवटची अट. यांपैकी कोणती घ्यावी?

मी उद्यमबागेत २५ वर्षांहून अधिक काळ गॅरेज चालवतो आणि जुनी गाडी घेण्यापूर्वी ती तपासून देणे हा आता माझ्या कामाचा निम्मा भाग झाला आहे. त्या अनुभवावरून प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. आपण विचारलेला प्रश्न ‘कोणती गाडी’ असा दिसत असला, तरी त्यात खरे प्रश्न दोन आहेत. या गाडीच्या मागच्या सीटवर कोण आणि किती वेळ बसणार, हा पहिला. आणि पाच वर्षांनी ही गाडी आपण कोणाला आणि कोणत्या गावी विकणार, हा दुसरा. या दोहोंची उत्तरे मिळाली की तिन्ही नावांपैकी बहुतेक नावे आपोआप गळून पडतात.

पत्नीच्या मताबद्दल आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद राहणार नाही. केवळ भाव टिकणे आणि माणसे आरामात बसणे एवढेच पाहायचे असेल, तर त्यांचे म्हणणे बरोबर आहे. आपल्या भागात इनोव्हाइतका भाव धरून ठेवणारी गाडी मी पाहिलेली नाही. तेव्हा स्पोर्ट्‌स कार घेणे हा हिशेबाचा नव्हे, हौसेचा निर्णय आहे, हे घरात मोकळेपणाने मान्य करा. हौस किती कमी तोट्यात भागवता येईल, एवढेच मी सांगू शकतो.

आता मागची सीट. पोलो जीटीआय ही १.८ लिटर टर्बो इंजिनाची, १९२ पीएस शक्तीची गाडी. भारतात तिच्या ९९ च गाड्या विकायला आणल्या गेल्या, त्यामुळे ती दुर्मीळ आहे आणि शौकीन माणूस तिच्यासाठी पैसे मोजतो. परंतु तिला दरवाजे तीन आहेत, म्हणजे मागे बसण्यासाठी पुढची सीट सरकवून, वाकून, अंग चोरून आत शिरावे लागते. मी स्वतः एकदा दोन दारांची जुनी गाडी हौसेने घेतली होती. पहिल्याच रविवारी आईला देवळात न्यायचे म्हणून मागे बसवले. बसवताना दोन माणसे लागली आणि उतरवताना तीन. त्यानंतर ती गाडी घराबाहेर क्वचितच पडली, उभी राहून बॅटरी गेली, ब्रेकच्या डिस्कवर गंज चढला आणि दीड वर्षात मी ती तोट्यात विकली. घरचे ज्या गाडीत बसत नाहीत ती उभी राहते, आणि उभी राहिलेली गाडी चालवलेल्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. म्हणून पोलो जीटीआय आपल्या यादीतून काढून टाकावी, असे माझे मत आहे. एकट्या माणसासाठी ती उत्तम गाडी आहे.

३२०डी विषयी माझे मत थोडे कठोर आहे. मागील चाकांना गती देणारी ती गाडी घाटात चालवायला जो आनंद देते तो या यादीतील दुसरी कोणतीही देणार नाही, हे मान्य. पण मागच्या सीटपुढे गाडीच्या तळाला मधोमध उंच उंचवटा (बोगदा) आहे, त्यामुळे आई, मुलगा आणि मुलीची चाइल्ड सीट एवढी मांडणी करताना मधल्या माणसाच्या पायांना जागा उरत नाही. टायर बहुधा रन-फ्लॅट प्रकारचे, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे असतात आणि अशा गाडीत स्टेपनी मिळेलच असे नाही. कणकुंबीच्या पुढे पावसात टायरची बाजूच फाटली तर काय कराल, याचा विचार आधीच करावा. त्यातही त्या सुमाराच्या गाड्यांत जे एन४७ नावाचे डिझेल इंजिन होते, त्याची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूस बसवलेली आहे. चेनचा आवाज येऊ लागला की ती बदलण्यासाठी गिअरबॉक्स किंवा अख्खे इंजिन उतरवावे लागते. गाडीची किंमत जुनी झाली म्हणून सुट्या भागांची किंमत जुनी होत नाही. तिची बिले नव्या बीएमडब्ल्यूच्याच दराने येतात, आणि हे सर्वांना ठाऊक असल्यामुळेच तिचा भाव इतका कोसळलेला असतो. स्वस्त मिळते म्हणून घ्यावी, अशी ती गाडी नाही.

राहिली ऑक्टाव्हिया आरएस २३०. कुटुंब आणि वेग यांचा मेळ घालणारी गाडी म्हणून माझा कौल तिच्याच बाजूने आहे, मात्र काही अटींवर. २०१७ मध्ये ती भारतात २४.६२ लाख रुपये या एक्स-शोरूम किमतीला ५०० च्या संख्येत आली. २ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस, सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. चार दरवाजे, मागे पूर्ण उघडणारे झाकण आणि ५९० लिटरची डिकी, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे गोव्याचे सामान आणि वर आंब्याच्या दोन पेट्या सहज मावतात. २०२० मध्ये याच घराण्यातील २४५ पीएसची गाडी ३५.९९ लाखांना फक्त २०० च्या संख्येत आली. मर्यादित संख्या, रोजच्या वापराची सोय आणि शौकिनांचे वेड या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे या गाड्यांचा भाव साध्या ऑक्टाव्हियासारखा घसरलेला नाही. पण तेच कारण विक्रेत्यालाही माहीत असते, म्हणून २२ लाखांत आपल्याला निवडीला फारसा वाव मिळणार नाही आणि जी मिळेल ती बारकाईने तपासावी लागेल.

मागे बसणाऱ्यांच्या दृष्टीने तिच्यात दोन उणिवा आहेत, त्या विक्रेता सांगत नाही. पहिली, ती बसकी आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिच्यातून उठताना त्रास होतो. आईंना सलग तीन वेळा बसवून उठवून पाहा. पहिल्या वेळी सगळेच उत्साहाने उठतात, खरे काय ते तिसऱ्या वेळी कळते. दुसरी, पुढच्या स्पोर्ट सीटची पाठ उंच आणि भरीव आहे, त्यामुळे मागच्या लहान मुलाला समोरचा रस्ता दिसत नाही, आणि रस्ता न दिसता चोर्ल्याची वळणे घेतली की मुलांना उलटी होते. चाइल्ड सीट आयसोफिक्सला, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या पक्क्या कड्यांना जोडून थोडी उंच करता आली तर हा त्रास बराच कमी होतो.

तपासणीत मी काय पाहतो ते क्रमाने सांगतो. डीएसजी गिअरबॉक्सचे तेल आणि फिल्टर ६०,००० किलोमीटरला बदललेले असले पाहिजे, आणि त्याचे बिल हातात असले पाहिजे. ‘बदललेय हो साहेब’ हे बिल नव्हे. या घराण्यातील इंजिनांत थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचा प्लास्टिकचा भाग गळू लागतो, म्हणून कूलंटची पातळी आणि पंपाभोवती सुकलेले गुलाबी डाग पाहावेत. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनाच्या इनटेक व्हॉल्व्हवर काळा थर साचतो. सकाळी थंड इंजिन सुरू करताना ते थरथरत असेल, तर त्या कामाचा खर्च किमतीतून वजा करून बोलावे. म्हणून गाडी पाहायला जाण्याआधी विक्रेत्याला सांगून ठेवावे, की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. बॉनेटला हात लावून ते गरम लागले, तर का गरम केले, हे शांतपणे विचारावे.

यानंतरची गोष्ट महत्त्वाची असून तिच्यावर मी सर्वाधिक वेळ घालवतो. या गाड्यांपैकी पुष्कळ गाड्या रिमॅप केलेल्या असतात, म्हणजे संगणकातील मांडणी बदलून शक्ती वाढवलेली असते. विकताना मालक बहुधा मूळ मांडणी परत भरतो आणि ‘स्टॉक आहे’ असे सांगतो. स्कॅनर लावल्यावर कंट्रोल युनिटमध्ये पुनर्लेखनाच्या खुणा बहुधा सापडतात, पण नुसत्या स्कॅनरवर विसंबू नये. एक्झॉस्टचे नट-बोल्ट नवे दिसतात का, एअर फिल्टरचा मूळ डबा जागेवर आहे का, पुढचे टायर मागच्यांपेक्षा फारच लवकर झिजले आहेत का, हे पाहिले की मालकाचा पाय किती जड होता ते कळते. रिमॅप म्हणजे पाप नव्हे; पण त्याची लपवाछपवी केली असेल तर बाकीचे काय लपवले आहे, हा प्रश्न उरतोच. शिवाय पाच वर्षांनी आपल्याकडून गाडी घेणारा माणूसही हेच तपासणार आहे. मूळ स्थितीतील गाडीलाच या बाजारात चांगला भाव मिळतो, म्हणून आपणही तिला हात लावू नये.

पत्रा आणि रंग यांचेही तसेच. जाडी मोजणाऱ्या यंत्राने कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन दाखवतो. एखाद्या दारावर ३०० च्या वर आकडा गेला तर खाली पुट्टी आहे. एक दार रंगवलेले चालेल, गाडीच्या छपराची किंवा खांबांची मापे बिघडलेली चालणार नाहीत. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चार टायर चार वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील, तर मालकाने स्पोर्ट्‌स कार घेतली पण ती सांभाळण्याचे पैसे त्याच्याकडे नव्हते, असे मी समजतो.

पाण्यात बुडालेल्या गाड्या ही आपल्या भागाची स्वतंत्र काळजी आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत कोल्हापूर-सांगली पट्ट्यात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या, निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावरच पाणी आले होते. त्यानंतर काही महिन्यांनी माझ्याकडे एका ग्राहकाने नुकतीच घेतलेली चकचकीत सेडान आणली. आतून अत्तराचा वास येत होता. मी मागचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर पट्ट्याच्या तळाशी नदीच्या गाळाची बारीक रेघ होती. विकणाऱ्याने सगळी गाडी धुतली होती, पण बेल्ट पूर्ण ओढून धुवायचे त्याला सुचले नव्हते. तेव्हापासून ही माझी पहिली तपासणी आहे. तिच्या जोडीला स्टेपनीचा खड्डा, गालिच्याखालचा फोम आणि सीटखालचे विजेचे जोड पाहावेत. तिथे हिरवट गंज दिसला तर गाडी कितीही स्वस्त असली तरी परत फिरावे.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे गाडी पुढे कोणाला विकणार. सीमेवर राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पुणेकरापेक्षा किंवा बेंगळूरकरापेक्षा वेगळ्या रीतीने सोडवावा लागतो. अशा गाडीचा पुढचा ग्राहक बेळगावात मिळण्याची शक्यता कमी. तो बेंगळुरात, हुबळीत किंवा पुण्यात असेल. आपल्याला पुण्यातील एमएच-१२ पासिंगची गाडी केए पासिंगच्या गाडीपेक्षा स्वस्त दिसते, त्याचे मुख्य कारण कर आहे. हिशेब करून पाहा. २४.६२ लाखांच्या नव्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात १३ टक्क्यांनी सुमारे ३.२० लाख रुपये कर बसतो. कर्नाटकात २० लाखांवरील गाडीला १८ टक्के आणि त्या करावर ११ टक्के उपकर, म्हणजे सुमारे ४.९ लाख. जुनी गाडी आणताना वयानुसार हा कर कमी होतो, पण तो मूळ किमतीवर मोजला जातो, आपण मोजलेल्या किमतीवर नव्हे.

परराज्यातील गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार इथला क्रमांक घ्यावा लागतो. ‘कोल्हापूर तर तासा-दोन तासांवर आहे, एमएच पासिंगवरच चालवू’ असे सांगणारे एजंट भेटतील. त्यांचे ऐकू नये; तपासणीत अडकणारे आपण असू, एजंट नव्हे. महाराष्ट्राची गाडी आवडली तर मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, कर्ज असल्यास ते फिटल्याचा फॉर्म ३५, आणि नाव बदलण्याचे फॉर्म २९ व ३० हे सर्व हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. आधी भरलेल्या कराचा उरलेला भाग मूळ राज्याकडून परत मागता येतो, पण ते पैसे कधी मिळतील यावर घराचे अंदाजपत्रक बांधू नये.

माझा सल्ला असा, की दोन सारख्या गाड्यांत केए पासिंगची गाडी लाख-सव्वा लाखाने महाग असली तरी तीच घ्यावी, कारण तो फरक आपल्याला बेंगळूरच्या ग्राहकाकडून बहुतांशी परत मिळतो. मात्र आपली नोकरी पुढे पुण्याला हलण्याची शक्यता असेल, तर हा सल्ला नेमका उलटा होतो. हे आपण लिहिलेले नाही.

विम्याचा मुद्दा लोक विसरतात. विमा कंपनीच्या कोष्टकात गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, पाच वर्षांपर्यंत ५० टक्क्यांवर येते आणि त्यापुढे ती दोघांच्या संमतीने ठरते. बाजारात भाव टिकवून असलेल्या गाडीला कोष्टकाच्या अंदाजाने कमी आयडीव्ही लावून घेतला आणि गाडी चोरीला गेली, तर मधला फरक आपल्या खिशातून जातो. हप्ता थोडा वाढला तरी आयडीव्ही भांडून योग्य लावून घ्यावा. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, तो त्याचाच राहतो. आणि नाव बदलल्यावर १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करून घ्यावा.

पेट्रोलविषयीही विचारणा होते. आता पंपावर इथेनॉलमिश्रित ई२० मिळते. ज्या उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे आपण हिवाळाभर अडकून राहतो, त्याच उसाचा तो एक अवतार. २०१७ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही. म्हणून रबरी नळ्या आणि जोड वर्षातून एकदा तपासावेत, आणि टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये, कारण इथेनॉल ओलावा धरते.

इथवरचे सार एवढेच, की पोलो नको, ३२०डी नको, आणि आरएस २३० हवी, पण मूळ स्थितीतील, बिलांसह आणि शक्यतो केए पासिंगची. अशी गाडी तीन-चार महिन्यांत मिळाली नाही तर? तर नाद सोडावा आणि दोन-तीन वर्षांची फोक्सवॅगन व्हर्टस जीटी किंवा स्कोडा स्लाव्हिया १.५ पाहावी. १५० पीएस म्हटल्यावर आपण नाक मुरडाल, हे मला ठाऊक आहे. पण १७९ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, ५२१ लिटरची डिकी आणि ग्लोबल एनकॅपच्या टक्कर-चाचणीत मोठ्यांसाठी व मुलांसाठी पाच-पाच तारे, एवढे सगळे घेऊन ती जांबोटीच्या रस्त्यावरून खाली न घासता जाते. तिच्यातही मी मॅन्युअल गिअरची सुचवेन. ऑटोमॅटिकमधला सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे आणि वॉरंटी संपल्यावर त्याची धास्ती मी माझ्या घरात घेणार नाही. भाव करताना हे लक्षात ठेवावे, की २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलल्यामुळे या गाड्यांच्या नव्या किमती उतरल्या आहेत. विक्रेता मात्र आपल्या जुन्या बिलावरची किंमत दाखवून बोलतो.

आणखी एक, घरच्यांना समजावताना उपयोगी पडेल असे. नोव्हेंबरपासून गाळपाचा हंगाम सुरू झाला की मागे रिफ्लेक्टर नसलेल्या दुहेरी ट्रॉल्या अंधारात अचानक समोर येतात. अशा वेळी चांगल्या स्पोर्ट्‌स कारचा खरा उपयोग दिसतो तो तिच्या ब्रेकमध्ये, टायरच्या पकडीत आणि दिव्यांत. म्हणून ब्रेकच्या डिस्कच्या कडेला आलेली धार पाहावी आणि डिस्कची जाडी मोजून ती तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीशी ताडून घ्यावी. इथे काटकसर करायची असेल तर ही गाडी घेऊच नये.

शेवटी, एक माहिती आपण दिलेली नाही आणि तिच्यावर बरेच अवलंबून आहे: गाडी घरात कुठे लागते? आपल्याकडे फाटकासमोरच्या गटारावर फरशी टाकलेली असते आणि तिचा चढ अनेकदा फार उभा असतो. आरएसचा पुढचा बंपर लांब आणि खाली आहे. माझ्या एका ग्राहकाचा तो आठवड्यात दोनदा घासला, मग त्याने गवंडी बोलावून फरशीच बदलून घेतली. ते काम बंपरपेक्षा स्वस्त पडले. तेव्हा त्या चढाची लांबी आणि उंची टेपने मोजून कळवा, म्हणजे आरएस आपल्या दारात शिरेल की नाही ते सांगता येईल.